खापर फोडायला डोकं शोधताना

लॉट परत आला? घाबरू नका. चार हजार बुश (मशीनमध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) टेम्पोत भरून कस्टमरनं नाशिकच्या अंबडला माघारी धाडले, म्हणून काही आभाळ कोसळत नाही. साहेब या नात्यानं तुमची खरी कामगिरी आता सुरू होते.

आधी सगळ्यांना केबिनमध्ये बोलवा आणि बसायला सांगू नका. मग विचारा, "कोणी केलं?" "का झालं?" हे चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. टोयोटावाल्यांना ती खोड आहे, पाच-पाचदा 'का' विचारायची. त्यात धोका असा की पाचव्या 'का'चं उत्तर बऱ्याचदा तुमच्याच खुर्चीपाशी येऊन थांबतं. शिवाय त्यांच्याकडे लाइनवरचा साधा कामगारही काही खटकलं तर दोरी ओढतो आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. आपल्याकडे महिनाअखेरीला असली दोरी लावून बघा!

मी पाहिलेल्या एका कारखान्यात सेकंड शिफ्टच्या पोराला कळलं होतं. भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजची 'गो' बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवी ती, झिजून बारीक झालेली, त्यामुळे कमी मापाची भोकंही बिनबोभाट पास. "गेज सैल जातंय," तो मशीन लावून देणाऱ्या सेटरला म्हणाला. सेटरनं नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं. मागच्या महिन्यात ज्यानं मशीन थांबवलं होतं, त्याचं नाव तिथं लाल मार्करनं लिहिलेलं, पुढं वाया गेलेली मिनिटं. पोरानं गेज सुताच्या वेस्टनं पुसलं, लाकडी डबीत ठेवलं आणि पुढचा जॉब लावला. केवढी ही शिस्त! अशी माणसं घडवायला वर्षं लागतात. एकदा जरी "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणालात, तर सगळी मेहनत पाण्यात.

इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन, त्यांचं तर नावच काढू नका. 10 ऑगस्ट 1979 ला त्यांचं एसएलव्ही-3 रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. मोहिमेचे प्रमुख कलाम, तरी पत्रकारांपुढे जाऊन जबाबदारी घेतली धवनांनी. 18 जुलै 1980 ला यान नीट उडालं, तेव्हा मात्र पुढे कलामांना केलं. हिशेब साफ उलटा! अपयश खालच्याचं आणि फुलांचा हार आपल्या गळ्यात, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

आपले द्राक्षवालेही त्यातलेच. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरायच्या औषधाच्या अंशामुळे युरोपात कंटेनर अडकले. एखादा बागायतदार धरून मोकळं होता आलं असतं. पण हे औषध तपासणीच्या यादीतच नव्हतं, हे शोधून काढलं आणि यादीत घातलं. बिचाऱ्यांना साधं बोट दाखवता येईना.

तुम्ही मात्र पावसाळ्यात एकदा गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुती बघून या. दोन तोंडं घेण्यासारखी आहेत. एक कस्टमरकडे, "आमच्या टीमवर पूर्ण विश्वास आहे" म्हणणारं. दुसरं शॉपकडे, ते काय म्हणतं ते इथं छापता येणार नाही. बाकी तो तुमच्या कामाचा नाही. पुराचं पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, सगळं गावादेखत दाखवत उभा राहतो, आणि नाशिककर त्याच्याकडे बघूनच सामान हलवायचं की नाही ते ठरवतात. तुमच्याकडे असता तर पाणी ओसरायच्या आत त्याच्या हातात मेमो पडला असता.