खूर, हाड दिलं की ब्रश नको? त्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या श्वानप्रेमींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "लांडगे कुठे ब्रश करतात? कुत्र्याला रोज एक नैसर्गिक च्यू (चघळायची वस्तू) द्या. हाड, म्हशीचा खूर किंवा याक चीज (वाळवलेल्या चीजची कडक कांडी). दातांवरचं किटण आपोआप निघतं, ब्रश आणि महागडं स्केलिंग (डॉक्टरांकडून दात खरवडून साफ करणं) दोन्ही वाचतं. नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य." नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात सकाळी कुत्री फिरवणारी मंडळीही आता हेच एकमेकांना सांगू लागली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी लांडगे. रानातल्या प्राण्यांचे दात ठणठणीत असतात, हे आपण धरूनच चाललोय. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या 29 कवट्यांचा एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकार करून, हाडं फोडून जगलेली ही जनावरं. तरी 41 टक्के कवट्यांमध्ये हिरड्यांखालचं हाड झिजवणाऱ्या आजाराच्या खुणा होत्या आणि जवळपास निम्म्यांमध्ये दात तुटलेले होते. रानातल्या कुत्र्याला ब्रश मिळत नाही हे खरं, पण म्हणून त्याला त्रास होत नाही असं नाही. तो सांगायला कुणाकडे जाणार?

"किटण आपोआप निघतं." यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. 2016 मध्ये बीगल कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कच्ची गोवंशी हाडं चघळायला दिल्यावर दोन आठवड्यांच्या आतच दातांवरचं किटण बरंच कमी झालेलं दिसलं. पण मेसेज लिहिणाऱ्याने इथेच उडी मारली आहे. किटण म्हणजे दिसणारा भाग. आजार होतो तो हिरडीच्या कडेखाली, जिथे जंतूंचा मऊ थर साचतो. दात साफ केल्यावर हा थर एका दिवसात पुन्हा धरतो आणि लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. खूर त्या फटीत पोचत नाही. शिवाय कुत्रा चघळतो मागच्या दाढांनी, बहुतेकदा एकाच आवडत्या बाजूने. पुढचे दात, सुळे आणि दातांची आतली बाजू तशीच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "अपाय शून्य" हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो. आपल्या कुत्र्याचा वरचा ओठ मागच्या बाजूला हलकेच उचलून पाहा. गालाच्या आत एक मोठी, त्रिकोणी टोकाची दाढ दिसेल. मांस कापायचं मुख्य काम तिचं, आणि कडक वस्तू तोंडात गेली की सगळा दाबही तिच्यावरच येतो. कुत्र्याच्या दातावरचं इनॅमल माणसाच्या तुलनेत फार पातळ असतं. खूर, हरणाचं शिंग, गुराच्या पायाचं जाड हाड यांवर जोर लावला की या दाढेचा बाहेरचा पापुद्रा उभा सुटून येतो. आतली नस उघडी पडते, जंतू मुळापर्यंत जातात आणि काही आठवड्यांनी डोळ्याखाली सूज येते. घरच्यांना वाटतं काहीतरी चावलं असेल. तोवर कुत्रा जेवतही असतो, कारण दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभावच. मग एक्स-रे, भूल, आणि दाढ काढणं किंवा रूट कॅनाल. जो खर्च वाचवायचा म्हणून खूर आणला, त्याच्या कितीतरी पट खर्च.

ओळखायची पद्धत सोपी आहे. वस्तूवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. खळगा पडला तर ठीक, नाही पडला तर देऊ नका. खूर फरशीवर टाकला की टण्णकन वाजतो, तेवढ्यावरूनच काय ते समजा. याक चीजची कोरडी कांडीही बऱ्याचदा या परीक्षेत नापास होते. शिंगांबद्दल आणखी एक: चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. येऊरचं जंगल उशाशी असलेल्या ठाणेकरांना हे सांगावं लागू नये.

शिजवलेलं हाड तर नकोच. त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि घशात, आतड्यात अडकतात. मऊ च्यूही बिनघोर नाहीत. 2019 मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांच्या च्यूमधून साल्मोनेला जंतूंची साथ आली आणि शंभरावर माणसं आजारी पडली. आपल्याकडे पावसाळ्यात उघडं पाकीट किती दमट होतं ते माहीत आहेच. बुली स्टिकच्या (वळूच्या लिंगाच्या वाळवलेल्या कांडीच्या) एका इंचात 9 ते 22 कॅलरी असतात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लहान कुत्र्याच्या वजनावर त्याचा परिणाम होतो.

"ब्रश वाचतो"? नाही. रोज मऊ ब्रश किंवा बोटावरचा ब्रश, कुत्र्यांची पेस्ट, दातांच्या बाहेरून हिरडीच्या कडेवर फिरवायचा. याला पर्याय नाही. आपली पेस्ट वापरू नका. काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. च्यू द्यायचाच असेल तर नखाने दबणारा, घशात अख्खा न जाणारा द्या आणि समोर बसून द्या. व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था 1997 पासून चाचण्यांचे निकाल पाहून उत्पादनांना मान्यता देते. तिच्या यादीत च्यू आहेत, पण खूर आणि शिंगं नाहीत.

आणि स्केलिंग. तोंडाला वास येत असेल, हिरडी लाल दिसत असेल, कुत्रा एकाच बाजूने चावत असेल किंवा घास तोंडातून पाडत असेल, तर च्यू बदलत बसू नका. भूल देऊन, हिरडीखाली साफ करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. भूल न देता वरवर खरवडून दात पांढरे करणाऱ्यांकडे नको. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी घरी खूर असेल तर आजच काढून टाकावा.