चाळीस सेंटचा फॉर्म

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या जुन्या पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी तिथे वाढदिवसाचे केक, यात्रेचे फोटो आणि ऊसदरावरून भांडणं चालतात. मध्यंतरी मात्र शालेय पोषण आहारावरून जुंपली. निमित्त होतं अंड्यांचं. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयात त्याच अंड्यासाठी वेगळा पैसा मिळणार नाही, हवं तर शाळांनी लोकसहभागातून जमवावं, असं आलं. अंडा पुलाव आणि नाचणीचं सत्त्व ऐच्छिक झालं. म्हणजे परवानगी आहे, पैसे नाहीत.

त्यावर आमच्यातल्याच एकाने लिहिलं, "सगळ्यांना फुकट कशाला? फुकटाची किंमत राहत नाही. खरी गरज असेल त्यांची यादी करा, आणि त्या पोरांना अंडंच काय, दूधही द्या." त्याचं आता तालुक्याला खताचं दुकान आहे, मुलं इंग्रजी शाळेत आहेत. माणूस वाईट नाही. शाळेला रंग द्यायचा होता तेव्हा सगळ्यात आधी पैसे त्यानेच काढले. मी दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहायच्या आत कुणीतरी टाकलंच, "अमेरिकेत बसून तू काय सांगणार?" अमेरिकेत बसून मला एवढंच सांगता येतं की अशा यादीत माझ्या मुलीचं नाव येण्याची वेळ आली होती.

२०१७ साली मी संशोधनासाठी ओहायोत आलो. विद्यापीठाच्या तुटपुंज्या मानधनावर आम्ही तिघं. तरी इथल्या देशी मंडळींच्या सल्ल्याने 'चांगल्या शाळेचं' म्हणून एका उपनगरात घर घेतलं, म्हणजे अर्धा पगार भाड्यात. मुलगी किंडरगार्टनला. पहिल्या आठवड्यात दप्तरातून एक फॉर्म आला. घरात माणसं किती, कमाई किती, घरातल्या एका मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे (आपल्या आधारसारखा सरकारी क्रमांक) शेवटचे चार आकडे काय. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांच्या आत असेल तर ४० सेंट, त्यापुढे पूर्ण पैसे. नागरिकत्व कुणी विचारत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. बायकोने कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब मांडला. आम्ही ४० सेंटवाल्यांत बसत होतो.

तो फॉर्म फ्रीजवर मॅग्नेटखाली वर्षभर राहिला. भरला नाही. कारण विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं की पोरीला घरचंच आवडतं. खरं कारण ते नव्हतं. वडील पोस्टात कारकून, घरात दोन वेळची ददात कधी नव्हती, पोरगा परदेशात डॉक्टरेट करायला गेलेला, आणि आता सही कशावर करायची, तर 'आम्ही गरीब आहोत' असं लिहिलेल्या कागदावर? बायको पहाटे उठून पोळ्या लाटायची, मुलगी डब्यातली पोळी तशीच परत आणायची, महिन्याच्या शेवटी क्रेडिट कार्डाचं बिल बघून आम्ही दोघं गप्प. ज्यांच्यासाठी ती सवलत होती त्यांतलेच आम्ही, आणि आमच्या मानापायी ती आमच्यापर्यंत पोचली नाही. आमच्यासारखे किती असतील ते त्या यादीत दिसत नाही. यादीत दिसतात ती ज्यांनी सही केली ती माणसं.

मुलीने एक दिवस रात्री झोपताना विचारलं, "बाबा, पैसे नसले तर जेवण कचऱ्यात का टाकतात?" तिच्या वर्गातली एक मुलगी ताट घेऊन गल्ल्यापर्यंत गेली. तिथे प्रत्येक मूल आपला नंबर दाबतं, समोरच्या पडद्यावर खात्यातली शिल्लक दिसते. हिच्या खात्यावर उधारी चढली होती. तिचा पिझ्झा काढून घेतला आणि हातात गार चीज सँडविच दिलं. वाढलेलं अन्न दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून तो पिझ्झा तिच्या देखत कचऱ्याच्या डब्यात गेला. म्हणजे पैसे वाचलेच नाहीत. मी त्या शाळेचं नाव लिहीत नाही, कारण असं करणारी ती एकटी नव्हती. या प्रकाराला इथे शब्दच आहे, 'लंच शेमिंग', आणि त्याविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य न्यू मेक्सिको, तेही २०१७ साली. शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीचा. त्यात मुलांचं पोषण हा देशाच्या सुरक्षेचा विषय म्हटला आहे. तिथून पोराच्या हातचं ताट काढून घेऊ नये हे लिहायला सत्तर वर्षं लागली.

२०१९ मध्ये भाडं परवडेना म्हणून आम्ही शहरात राहायला आलो. ओळखीच्यांनी हळहळ व्यक्त केली. शहरातल्या शाळा म्हणजे गरीब वस्तीतल्या शाळा. पहिल्या आठवड्यात मी फॉर्मची वाट पाहत होतो. फॉर्म आलाच नाही. ऑफिसात विचारलं तर तिथली बाई म्हणाली, "इथे सगळेच जेवतात."

या व्यवस्थेचं नाव कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन. ओबामांच्या काळात २०१० च्या कायद्यातून ती आली आणि २०१४ पासून देशभर लागू झाली. तिची युक्ती मला फार आवडते. शाळेने कुणाला कमाई विचारायचीच नाही. गरिबांना किराण्यासाठी मदत देणारे फूड स्टँप (आताचं नाव स्नॅप), अनेक राज्यांत मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, अशा योजनांच्या याद्या सरकारकडे असतातच. त्या शाळेच्या पटाशी परस्पर जुळवायच्या, बेघर किंवा दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला दिलेली मुलं त्यात धरायची. अशी मुलं पटाच्या ४० टक्के निघाली की अख्ख्या शाळेला न्याहारी आणि जेवण फुकट देता येतं. २०२३ मध्ये ही अट २५ टक्क्यांवर आणली. सरकार त्या टक्क्यांना १.६ ने गुणतं, कारण या याद्यांत नसलेली, पण फॉर्म भरला असता तर सवलतीत बसली असती अशी मुलं असणार हे ते गृहीतच धरतं. समजा ५० टक्के मुलं सापडली, तर ८० टक्के ताटांना फुकट जेवणाचा पूर्ण दर मिळतो, म्हणजे साडेचार डॉलरच्या आसपास. उरलेल्या २० टक्क्यांना अर्ध्या डॉलरहून कमी. साडेबासष्ट टक्क्यांना गुणाकार शंभरावर जातो. त्याखालच्या शाळांना फरक आपल्या खिशातून भरावा लागतो, म्हणून पात्र असूनही काही शाळा यात येत नाहीत. हे सगळं खरं असलं तरी तो १.६ मला एखाद्या समजूतदार काकांसारखा वाटतो. पोरगं 'भूक नाही' म्हणालं तरी ते एक पोळी जास्त टाकतात.

जेवणाबद्दल मात्र खोटं कशाला बोलू? एकदा पालकांना बोलावलं होतं म्हणून मी मुलीसोबत त्या हॉलमध्ये जेवलो. प्लॅस्टिकच्या वेष्टणातलं गरम केलेलं बुरिटो, थंडगार गाजरं, दुधाचं छोटं खोकं. पाच प्रकारांतले तीन घ्यावेच लागतात आणि त्यात एक फळ किंवा भाजी हवी, असा नियम. रांगेच्या टोकाला उभी असलेली बाई प्रत्येक ताटावर नजर टाकून "सफरचंद राहिलं, बाळा" म्हणत होती. निम्मी सफरचंदं न चावता परत. त्यासाठी एक टेबल ठेवलं होतं, नको ते तिथे ठेवायचं, हवं त्याने उचलायचं. शाकाहारी मुलाला चीज, चीज आणि सोमवारी पुन्हा चीज. याच देशात पिझ्झ्यावरच्या टोमॅटो पेस्टला भाजी म्हणून मोजतात. गावच्या शाळेत चुलीवरून उतरलेली खिचडी, वर मोड आलेल्या मटकीची उसळ, आणि पोरांना वाढण्याआधी गुरुजींनी चाखून वहीत सही करायची. ताटापुरतं बोलायचं तर मी डोळे झाकून गावाकडचं ताट उचलीन.

मग आपल्याकडे बिनसलं कुठे?

मी चौथीत होतो तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण पोराच्या हाती यायचा तो महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. गुरुजी दाराच्या चौकटीला तागडी अडकवायचे. मी, सरपंचांचा मुलगा, डॉक्टरांची मुलगी, ऊसतोड्यांची पोरं, सगळे पिशव्या घेऊन एकाच रांगेत. आई तो तांदूळ निवडून धिरड्याच्या पिठात लावायची. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, त्यानंतर खिचडी आली. पुढे ती आठवीपर्यंत गेली, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क झाली. कुणाची कमाई किती, हे आपल्याकडे कधीच विचारलं नाही. अमेरिकेला फॉर्म, नंबर, उधारी असं सगळं करून जिथे यावं लागलं, तिथे आपण पहिल्या दिवसापासून होतो. यात थोडा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. (खिचडी शिजवणारी बाई दलित आहे म्हणून पोरांनी ताटं परत केल्याच्या बातम्या वाचल्या की तो अभिमान जागेवर राहत नाही, हेही खरं.)

पण तीच शाळा आज बघा. सरपंचांचा नातू तिथे नाही. डॉक्टर तर तालुक्यालाच गेले. पिवळी बस सकाळी येते आणि ज्यांना परवडतं ती पोरं गोळा करून नेते. मागे राहिली ती 'खिचडीची शाळा'. म्हणजे आपण यादी केली नाही खरी, ती आपोआप झाली, शाळेच्या पटालाच यादी म्हणायची वेळ आली. म्हणूनच एका शासन निर्णयाने ताटातलं अंडं गेलं आणि तालुक्यात कुणी साधा मोर्चा काढला नाही. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत जातो त्यांची पोरं त्या पंगतीत नव्हती. १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. तांदूळ वेगळा, पण डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन यातच. शिजवणाऱ्या ताईंना केंद्राच्या हिशेबाने महिन्याला १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्य वर भर घालतं, पण केंद्राचा हजाराचा आकडा २००९ पासून तसाच आहे. माझा दुकानदार मित्र हे आकडे ऐकून खरंच चकित झाला. त्याच्या पोरांच्या बसचं भाडं त्याला पाठ होतं.

इथे अमेरिकेत उलटं घडलं. कोविडमध्ये मार्च २०२० पासून जून २०२२ पर्यंत सरकारने देशभर सगळ्याच मुलांना शाळेचं जेवण फुकट केलं, उपनगरातल्या वकिलांच्या पोरांनाही. मुदत संपली तेव्हा आरडाओरड झाली, आणि ओरडणारे फक्त गरीब नव्हते. सकाळी डबा न भरण्याची चव ज्यांनी चाखली होती ते सगळेच बोलले. कॅलिफोर्निया आणि मेनने लगेच आपल्या राज्यात सगळ्यांना जेवण चालू ठेवलं. कोलोरॅडोत लोकांनी मतदान करून जास्त कमावणाऱ्यांवर त्यासाठी कर बसवून घेतला. मग मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, अलीकडे न्यूयॉर्क. आमचं ओहायो त्यांत नाही. इथे अजून शहरात सगळे जेवतात आणि पंधरा मिनिटांवरच्या उपनगरात पडद्यावर शिल्लक दिसते.

आणि शहरातलंही पक्कं नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने स्नॅप आणि मेडिकेडच्या अटी कडक केल्या. त्या याद्यांतून घरं गळली की शाळेचे टक्के घसरणार, घसरले की गुणाकार घसरणार, आणि एखाद्या ऑगस्टमध्ये तो फॉर्म पुन्हा दप्तरातून येणार. भूक तेवढीच राहील, फक्त कागदावर कमी दिसेल. तेव्हा मित्रा, "यादी करा आणि त्यांना नीट द्या" या तुझ्या वाक्याचा पहिला अर्धा भागच अमलात येतो, असा माझा इथला अनुभव आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. एवढं लांब तिथे कोण वाचतं? वहिनींना फोन केला. त्या शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. विचारलं, अंड्यांचं काय चाललंय?

"लोकसहभाग चाललाय, भाऊजी," त्या हसल्या. "पोल्ट्रीवाल्याने परवा एक ट्रे पाठवला. तीस अंडी. जेवायला एकेचाळीस पोरं."

"मग?"

"मुख्याध्यापक म्हणाले, यादी करा, कुणाला द्यायचं ते ठरवा. मी पेन घेऊन बसले पण. पहिलंच नाव लिहिताना हात अडला. मग ताईंनी सगळी उकडली, सोलली आणि शिवणाच्या दोऱ्याने मधोमध कापली. साठ अर्ध्या झाल्या. प्रत्येकाला एक दिली. एकोणीस उरल्या त्या पहिली-दुसरीच्यांना वाढल्या पुन्हा."

"आणि पुढच्या आठवड्याला?"

"दोरा ठेवलाय जपून," वहिनी म्हणाल्या. "अंड्यांचं बघते."