कुलकर्णी आत येत नाहीत

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत फाइल उघडणं म्हणजे एका ओळीचं काम, असं शिकवणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत सांगतात. ‘ओपन’ लिहायचं, कंसात फाइलचं नाव आणि आपला हेतू. वाचायची असेल तर ‘आर’, शेवटी भर घालायची तर ‘ए’. ‘डब्ल्यू’ दिलंत तर नसलेली फाइल तयार होते, आणि असलेली तुम्ही एक अक्षर लिहायच्या आत कोरी होते. ‘नक्की ना?’ असं विचारायची पद्धत नाही. सावध माणसांसाठी ३.३ या आवृत्तीपासून ‘एक्स’ आहे. फाइल आधीच असेल तर तो तिला हात लावत नाही, आपल्यावरच ओरडतो.

आमच्या गणपतीच्या वर्गणीची यादी सेक्रेटरीकाकांनी नोटपॅडमध्ये करून दिली होती. आधी ती सापडेचना. डोळ्यांसमोर दिसतेय आणि पायथन म्हणतंय, अशी फाइल नाही! विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट झाकून ठेवतं. नाव बदलताना काकांनी हौसेने दुसरं लावलं होतं. यादी डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी.

ते निस्तरलं, तर पहिल्याच ओळीत गाडं अडलं. ओळ अर्थातच ‘॥ श्री ॥’. ९ क्रमांकाच्या जागेवरचा ‘८डी’ हा बाइट, म्हणजे साठवणीचा एक तुकडा, वाचता येत नाही म्हणे.

यादी यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली, आणि तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पण एन्कोडिंग, म्हणजे कुठले बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता, सांगितलं नाही, की पायथन यंत्राचा ठरलेला तक्ता घेतं, आणि माझ्या लॅपटॉपवरचा १२५२ क्रमांकाचा तक्ता पश्चिम युरोपातल्या भाषांचा. त्यात पाच घरं रिकामी. त्यांतलं एक ‘८डी’, आणि आपण अक्षराचा पाय मोडतो त्या खुणेचा तिसरा बाइट नेमका तोच! म्हणजे जोडाक्षर आलं की संपलं. झ, ए, ऐ बाकीच्या रिकाम्या घरांत पडतात. ॐसुद्धा. काकांनी ‘श्री’ऐवजी ॐ घातला असता, तरी सुटका नव्हती.

मी एकेक नाव वेगळं देऊन पाहिलं. पवार, शिंदे, कदम बिनतक्रार आत गेले, फक्त कदमांच्या तीन अक्षरांची नऊ चिन्हं झाली, त्यांत तीन टोपीवाले रोमन ‘ए’.

काकांनी चष्मा वर केला. “कदम फ्रेंच कधी झाले गं?”

“ते निदान दिसतायत. कुलकर्णी, झगडे, एकबोटे वाचताच येत नाहीत.”

“वर्गणीच्या वेळी कुलकर्ण्यांना ऐकूही येत नाही.”

शेवटी कंसात ‘एन्कोडिंग बरोबर यूटीएफ-८’ एवढं घातलं आणि सगळी सोसायटी सुखरूप आत आली. (पायथनच्या ३.१५ आवृत्तीपासून हे न सांगता गृहीत धरायचं ठरलं आहे. तोवर आमचे किती गणपती होतील कोण जाणे.)

राहिल्या रकमा. काकांनी त्याही मराठी अंकांत लिहिलेल्या. मी घाबरत घाबरत, मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘इंट’च्या कंसात ‘५०१’ दिले. त्याने मुकाट्याने घेतले, बेरीजसुद्धा करून दिली.

“पैसे बरे वाचता येतात त्याला,” काका म्हणाले.