गुरुजी खोदून राहिले

आमच्या गावात माणूस स्वतःच्या हातानं दोनच कामं करतो. एक सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणं आणि दुसरं, लोकांच्या कामावर उभं राहून सल्ला देणं. बाकी सगळ्याला माणूस लावतात. शेताला सालदार, भिंतीला मिस्त्री, लग्नाला मध्यस्थ, भांडणाला पोलीस पाटील. अशा गावात दोन वेळची वरण-पोळी नीट पचवणारा, महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणारा एक निवृत्त मास्तर हातात टिकास घेऊन आपल्याच घराच्या पोटात उतरू लागला, तर गावाचा हिशेब सरळ असतो. खाली काहीतरी आहे, आणि ते मजुराला दिसू नये म्हणून गुरुजी स्वतः खोदतात.

खाली होतं काय, तर तळघर. वर्धा जिल्ह्यातलं आमचं हे घर पणजोबांच्या वेळचं. सागाच्या तुळया, पांढऱ्या मातीच्या भिंती, तीन फुटांचं उंच दगडी जोतं आणि माजघराखाली एक अर्धी जमिनीत, अर्धी जोत्यात बसलेली खोली. तिथं ज्वारी ठेवत. मग सोयाबीन आलं, ज्वारी गेली आणि खोलीत राहिली मोडकी वस्तू: एक डवरा, बुड नसलेलं डालं, जावयाच्या पहिल्या दिवाळीला घेतलेल्या कूलरचा सांगाडा.

मेच्या दुपारी मला त्या खोलीची आठवण झाली. विदर्भातला मे काय असतो हे इकडच्याला सांगायला नको. नागपूरला 2013 च्या 23 मे रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. आमच्याकडे पारा मोजायला कोणी बसलेलं नव्हतं, सगळे नळाखाली होते. कूलर असतो, पण त्याला वीज लागते, आणि वीज दुपारी बारा ते चार विश्रांती घेते. जमिनीला मात्र विजेची गरज नाही. दिवसाचं ऊन मातीत दोन-तीन फुटांच्या खाली पोचतच नाही. पणजोबांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी थंडाव्यात ज्वारी झोपवली आणि स्वतः वर ओसरीवर घामात झोपले. मी उलटं करायचं ठरवलं.

पुण्याला आयटीत असलेल्या भाच्यानं उत्साहानं अमेरिकेतले व्हिडिओ पाठवले. तिकडे तळघर सजवणं हा शनिवार-रविवारचा छंद आहे. एक दाढीवाला माणूस हसत हसत लाकडी चौकट उभी करतो, पांढरे बोर्ड ठोकतो, गालिचा पसरतो आणि त्याची बायको येऊन ‘वॉव’ म्हणते. मी आमच्या हिला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘अहो, त्या बाईनं त्याला अर्ध्यातून बाजारात पाठवलेलं दिसत नाही.’’

व्हिडिओतून बरंच कळलं. तिकडे थंडीत जमीन गोठते. गोठलेली माती फुगून पाया उचलते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटासारख्या राज्यात पाच फुटांपर्यंत. एवढं खोदलंच आहे तर थोडं अजून खोदून खोलीच करू, असं ते तळघर जन्माला येतं. राहण्याच्या तळघराची उंची सात फूट हवी. आग लागली तर बाहेर पडायला खिडकी हवी, आणि तिची मोकळी जागा 5.7 चौरस फुटांहून कमी नको, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेतलेला अग्निशामक जवान आत येऊ शकेल. आमच्या झरोक्यातून मांजर येते, तीही उपाशी असेल तरच. आणि तिकडे ‘दोन बाय चार’ म्हणून जी लाकडी पट्टी विकतात, ती मोजली तर दीड बाय साडेतीन इंच भरते. हे ऐकून मला अमेरिकेबद्दल एकदम आपुलकी वाटली. म्हणजे कडता, वजनातली काटछाट, फक्त आमच्याच कापसाला लावतात असं नाही.

आमच्या खोलीची उंची सहा फूट. वर तुळया. मी पाच फूट आठ इंच. म्हणजे टोपी घातली की वाकायचं. सात फूट करायची तर जमीन खाली न्यायला हवी. भिंतीच्या पायाला धक्का लागू नये म्हणून चारही बाजूंनी एक हात जागा सोडून, मधलीच दीड फूट खोदायची. वर गिट्टीचं सोलिंग आणि काँक्रीट मिळून अर्धा फूट. कडेला आपोआप बसायला कट्टा तयार होतो. हिशेबानं माती निघणार साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. पण माती जमिनीत असते तेव्हा शहाणी असते, बाहेर काढली की फुगते. एक ब्रासचा खड्डा आणि सव्वा ब्रासचा ढीग. हा वरचा पाव ब्रास गावाच्या डोळ्यांत सलला.

खाली उतरण्याआधी आत्या आडवी आली. ती नव्वदीला टेकलेली आहे आणि तिच्या परवानगीशिवाय आमच्या घरात पाल सरकत नाही. ‘‘बापू, आधी कंदील सोड.’’ मी म्हटलं, बॅटरी आहे. ‘‘बॅटरी इझते का?’’ इथं आत्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ती बरोबर होती. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. बंद पेवात धान्य श्वास घेत राहतं. आतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, आणि पेव उघडल्याबरोबर उतरलेली माणसं तिथंच बसल्याच्या गोष्टी जुन्या लोकांकडे आहेत. म्हणून आधी जळता कंदील दोरीनं सोडायचा. तो विझला तर माणसानं उतरायचं नाही. आमच्या तळघरात धान्य नव्हतं, पण कोपऱ्यात फरशीनं झाकलेलं एक जुनं पेव होतं, आणि ते उघडायचं होतं.

तेव्हा दृश्य असं. दिवसा उन्हामुळे काम होत नाही, म्हणून रात्री नऊची वेळ. आत्यानं टिकासाला हळद-कुंकू लावलेलं. मी जिन्याच्या तोंडाशी, दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडतो आहे आणि आत्या वरून ‘‘इझला का? इझला का?’’ असं विचारते आहे. झरोका गल्लीकडे उघडतो. गल्लीतून कोणीतरी जात होतं. त्या दिवशी अमावास्या होती, हे मला मागाहून कॅलेंडरात दिसलं. गावाला ते आधीच दिसलं होतं.

कंदील काही विझला नाही. पेवात उंदराचं एक वाळकं घरटं निघालं.

दुसऱ्या दिवशीपासून ओट्यावर माणसं वाढली. पहिले आले शेजारचे बाबाजी. ‘‘का करून राहिले गुरुजी?’’

‘‘तळघर नीट करतो आहे. दुपारी झोपायला.’’

‘‘हाव का?’’ म्हणाले आणि बराच वेळ माझ्या मातीच्या ढिगाकडे पाहत राहिले. मग काठीनं ढीग जरासा उकरून पाहिला. ‘‘मजूर भेटत नाही का?’’

मी स्वतःच्या हातानं काम करण्याचा आनंद या विषयावर थोडं बोललो. शाळेत श्रमदानाच्या तासाला पोरं ज्या नजरेनं पाहायची, त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मिस्त्रीही रोज यायचा. त्याला मी लावलेलं नव्हतं, पण तो कामाला लावल्यासारखाच यायचा. वेळेवर, आणि येऊन बसायचा. खर्रा तोंडात असल्यामुळे त्याचा सल्ला स्वरांमध्ये असे, व्यंजनं आपण भरायची. त्याचं एक म्हणणं मात्र सोन्यासारखं निघालं: मातीच्या भिंतीला शिमिट लावू नका. सिमेंटचा गिलावा मातीला धरत नाही आणि भिंतीतली ओल आतच कोंडून ठेवतो. म्हणून मी वरच्या भिंतींना पांढरी माती, शेण आणि गव्हाचं कुटार कालवून, चार दिवस मुरवून, जुन्या पद्धतीचा गिलावा केला. भिंत इतकी सुरेख जमली, की कोणी हात लावला असेल असं वाटू नये. गावालाही नेमकं तेच वाटलं. ‘‘जसंच्या तसं लिंपून टाकलं,’’ चौकात चर्चा झाली, ‘‘पत्ता नाही लागू देणार मास्तर.’’

मग पोलीस पाटील आले. ‘‘सहज आलो’’ म्हणाले. पोलीस पाटील सहज आले म्हणजे चहा ठेवावा लागतो. चहा पिऊन त्यांनी खाली डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘गुरुजी, समजा एखाद्याले काई सापडलं, तं त्याचं का करा लागते?’’

बत्तीस वर्षं शिकवल्यावर प्रश्न आला की उत्तर आपोआप बाहेर पडतं. मी सांगितलं, 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. शिवाय गुप्तधनाच्या नावाखाली कोणी अघोरी प्रकार केले तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पाटलांनी कप खाली ठेवला. ‘‘इतकं पाठ कायले करून ठेवलं, गुरुजी?’’

मृग लागला. पहिला पाऊस आमच्याकडे कसा येतो हे सांगण्यासारखं आहे, कारण तो वरून येतो असा लोकांचा समज आहे. आमचं घर गावठाणाच्या टोकाला. तीन बाजूंनी पांढरी माती आणि पूर्वेला भिंतीपासूनच काळी सुरू होते. कापसाला सोन्यासारखी, घराला वैरीण. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसते. मेपर्यंत तिला अशा भेगा पडतात की म्हशीचा पाय जावा. मृगाचं पाणी वरवर वाहत नाही. त्या भेगांतून थेट खाली उतरतं. आणि खाली माझी पूर्वेची दगडी भिंत उभी. तिला पहिल्याच रात्री घाम फुटला.

अमेरिकेच्या दाढीवाल्यानं एक चाचणी सांगितली होती. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल बाहेरून येते, खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतली. मी प्लास्टिक लावलं. दोन्हीकडे पाणी धरलं. वर चिकटपट्टीही सुटली, पण ते आमच्या चिकटपट्टीचं वैशिष्ट्य आहे.

तालुक्याच्या एका दुकानदारानं ओल थांबवणारा महाग रंग दिला आणि ‘‘गॅरंटी’’ हा शब्द तीन वेळा उच्चारला. रंग आतून लावायचा, पाणी बाहेरून ढकलतंय. पोळ्यापर्यंत रंगाचे पापुद्रे सुटून पाटवडीसारख्या वड्या कट्ट्यावर पडल्या. व्हिडिओत यावर खड्डा करून पाणी उपसणारा पंप बसवतात. पंपाला वीज लागते, आणि आमच्याकडे पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधी वीज जाते. पाण्याचा उपाय पाणी येतं तिथंच करायला हवा, म्हणजे बाहेर. भिंतीला लागून चार-साडेचार फूट चर खोदायचा, तळाशी भोकं पाडलेला पाइप, वर गिट्टी, आणि छपराची पन्हाळ वळवून दूर सोडायची. पण ओल्या काळ्या मातीत फावडं घातलं की ते मातीत राहतं आणि दांडा हातात येतो. म्हणून दिवाळीची वाट पाहिली.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला येतो. त्या दिवसांत गावात मजूर मिळणं म्हणजे कठीणच. वेचणीचा किलोमागचा दर वाढवूनही बायामाणसं मिळत नाहीत, तर चर खोदायला कोण येतो! मी पुन्हा टिकास उचललं. आता घराबाहेर, भर उजेडात, सगळ्यांसमोर. आतून सापडलं नाही म्हणून गुरुजी आता बाहेरून घेरून राहिले, असा गावाचा निष्कर्ष.

जवळजवळ मांडीइतकं खोल गेल्यावर टिकास खणकन वाजलं.

त्या आवाजानं एवढी माणसं कुठून जमली, मला माहीत नाही. पानटपरी ओस पडली. बाबाजी काठी टाकून धावले. मिस्त्रीनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर खर्रा थुंकला. मी हातानं माती बाजूला केली. काळा, गोल, घडीव दगड. मधोमध भोक. जात्याची एकच पाळ, म्हणजे अर्धं जातं.

शांततेत पोलीस पाटलांनी विचारलं, ‘‘दहा रुपयांच्या वरतं भरते का हे?’’ भंगारवाल्याला बोलावलं. तो दगड घेत नाही म्हणाला. आत्या म्हणाली, तिच्या आजीचं असलं तर तिला ठाऊक असतं, हे नाही. एकानं उलटं करून पाहिलं, अक्षरं आहेत का म्हणून. मोबाइलवर फोटो झाले. पंचनामा करायचा की नाही यावर मतं पडली. शेवटी बाबाजींनी तो दगड काठीनं ठोकला आणि म्हणाले, ‘‘अर्धं कोणी कायले पुरंन? खूण हाय हे. दुसरं अर्धं पाहा लागते.’’

सगळ्यांच्या नजरा चराच्या कोरड्या टोकाकडे वळल्या, जिथून पुढं नालीपर्यंत पंचवीसेक फूट खोदायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाच पोरं फावडी-टिकास घेऊन दारात उभी. ही तीच पोरं, जी वेचणीला किती बोलावलं तरी येत नाहीत. मजुरीचं विचारलं तर रागावली. ‘‘गुरुजी, तुमी बसा. तुमाले ब्लडप्रेशर हाय.’’

मी बसलो. मिस्त्रीच्या शेजारी, ओट्यावर. चहा आला. खोदायचं कुठं आणि किती खोल, हे त्यांनी आपसात ठरवलं. मी मध्ये काही बोललो नाही. फक्त एवढंच सांगितलं, की सापडो न सापडो, खोदत जाताना उतार नालीकडे ठेवा. शंभर फुटांना एक फूट.