एबद-मलेखाच्या चिंध्या

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय, लांब होणार आहे, वेळ असेल त्यांनीच वाचा.

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय होता, यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडतात तो. संदेश चांगला चाळीस मिनिटं चालला, यिर्मयाचं दुःख झालं, यहूदाच्या सिद्कीया राजाचा भित्रेपणा झाला, आणि त्याला वाचवणाऱ्या एबद-मलेखाच्या वाट्याला आलं एक वाक्य, की देवाने एका कूशी माणसाच्या हातून यिर्मयाला बाहेर काढलं. लगेच पुढचं गीत. बरं तेही सोडा, नंतर कंपाउंडमध्ये चहा घेताना एक काका म्हणाले, दरबारातली माणसं ती, राजाचं मीठ खाणारी, वरून हुकूम आला की नोकर माणूस काय करणार. चारपाच जणांनी माना डोलावल्या. मी तिथे गप्प बसले, तेच सलतंय.

नोकर माणूस काय करणार? सांगते काय करतो.

मागच्या नोव्हेंबरात आईला हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेले होते. आई 81 वर्षांची, गुडघे गेलेले, लिफ्ट बंद, आणि काम दुसऱ्या मजल्यावर. मी वर जाऊन विनवलं तर साहेब मानही वर न करता म्हणाले, नियम आहे, वर यावंच लागेल. शेजारच्या टेबलावरचा एक जण ऐकत होता. काही न बोलता उठला, मशीन काढलं, वायर गुंडाळली आणि माझ्याबरोबर खाली आला. आईचा अंगठा उमटेना, भांडी घासून घासून रेषाच राहिल्या नाहीत. त्याने खिशातला रुमाल नळावर ओला करून आणला, तिचा अंगठा पुसला, आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली. पाचव्या वेळेला उमटला. नियम त्यालाही तोच होता ना?

आता 38 वा अध्याय शांतपणे उघडून वाचा. यिर्मयाला विहिरीत टाकणारे कोण? दरबारीच. शफट्या, गदल्या, युकाल, पशहूर, चौघांची नावं बापाच्या नावासकट दिली आहेत. राजा त्यांना म्हणतो, तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. म्हणजे राजाच यांना घाबरून होता, आणि आपण म्हणतो दरबारी बिचारे हुकमाचे ताबेदार! यातल्या दोघांच्या नावांचे मातीचे शिक्के यरुशलेमेत दावीदनगराच्या उत्खननात सापडलेत, युकाल बिन शलेम्याचा 2005 मध्ये आणि गदल्या बिन पशहूराचा 2008 मध्ये. तेव्हा पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या पानावर) लिहिलेलं गुंडाळून दोरा बांधायचे आणि गाठीवर ओल्या मातीचा गोळा लावून त्यावर मोहोर उठवायचे. टाकणाऱ्यांच्या मोहोरा राहिल्या, काढणाऱ्याची नाही. त्याचं नावही बघा, एबद-मलेख म्हणजे नुसतं 'राजाचा सेवक'. परदेशी, मिसरच्या दक्षिणेकडच्या कूश देशाचा, राजवाड्यातला खोजा. शहराला वेढा पडलेला, भाकर संपत आलेली. अशा वेळी हा माणूस राजवाड्यातून निघतो, राजा बन्यामीन वेशीत बसलेला असताना सगळ्यांच्या देखत जातो आणि तोंडावर सांगतो की या लोकांनी वाईट केलंय, तो तिथे उपाशी मरेल.

हो, मान्य आहे, त्याने परवानगी घेतली, राजाने तीस माणसं दिली, बंड वगैरे काही केलं नाही. पण परवानगी मागायला जायला जीव लागतो की नाही?

आणि खरी गोष्ट तर त्याच्यापुढे आहे. दोर टाकून ओढून काढला असता तरी हुकूम पाळला गेला असता, कोणी विचारलं नसतं. हा आधी भांडाराखालच्या खोलीत जातो, जुनी फाटकी लुगडी-चिंध्या शोधतो, त्या दोराने खाली सोडतो आणि वरून सांगतो, या काखेत ठेव, त्यावरून दोर घे. राजाच्या हुकमात चिंध्या नव्हत्या हो! साहेबांच्या नियमात ओला रुमाल नव्हता, तसंच.

आणि हा काही एकटा नव्हता. ओबद्या अहाब राजाच्या घरचा कारभारी, राणी ईजबेल संदेष्ट्यांना मारत सुटलेली, आणि याने शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहेत लपवलं आणि त्या दुष्काळात भाकर-पाणी पोचवलं. शाफान चिटणिसाचं घर घ्या (आपल्या मराठी बायबलात चिटणीसच म्हटलंय, मराठी दरबारातलाच शब्द). त्याचा मुलगा अहीकाम याने यिर्मयाला जमावाच्या हाती मरू दिलं नाही. दुसरा मुलगा गमऱ्या, त्याच्याच खोलीत यिर्मयाचा लेखनिक बारूख याने यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी वाचली. सरदारांनी ऐकली आणि आधी बारूखाला सांगितलं, तू आणि यिर्मया लपा, कुठे आहात ते कोणाला कळू देऊ नका. मग राजापुढे गेले. तेव्हाचा राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या घरात शेगडीपुढे बसलेला, तीनचार रकाने वाचून झाले की चिटणिसाच्या चाकूने कापून विस्तवात टाकायचा. जाळू नका म्हणून गमऱ्या आणि आणखी दोघं विनवत होते. उपयोग शून्य झाला, गुंडाळी जळाली, कबूल. पण लपा म्हणाले होते म्हणून माणसं वाचली आणि बारूखाने ती पुन्हा लिहिली.

म्हणून त्या काकांचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. काका स्वतः तीस वर्षं सरकारी नोकरीत होते. मला आता त्यांचा राग येत नाहीये खरंतर, वाईट वाटतंय, कारण त्यांनाही कधीतरी कोणासाठी तरी खाली उतरावंसं वाटलं असेल आणि उतरले नसतील.

दुपारी आईला हा अध्याय वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. चिंध्या काखेत ठेव म्हटलं तशी डोळे उघडून म्हणाली, "दोर काचतो ना गं. ओला असला की जास्तच." लग्नानंतर वीस वर्षं तिने विहिरीचं पाणी शेंदलंय. मग दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बराच वेळ तळव्यांकडे बघत बसली.