नॉरफॉक बेटाचं विधिमंडळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॅसिफिक महासागरातल्या, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या नॉरफॉकसारख्या दोन हजार वस्तीच्या बेटाला विधिमंडळ हवंच कशाला? आमच्या ग्रामपंचायतीत याहून जास्त मतदार आहेत. आयकर भरायचा नाही आणि तिजोरी आटली की ऑस्ट्रेलियापुढे हात पसरायचे. २०१५ साली बरखास्त केलं ते बरंच झालं. शिवाय, या लोकांना वेगळा देश हवाय का?

ग्रामपंचायतीचंच घेऊ. तुमच्या गावातला माणूस ग्रामपंचायतीला मत देतो, तसं विधानसभेलाही देतो. त्याच्यावर राज्याचा जो कायदा चालतो, तो करणाऱ्या सभागृहात त्याचा आमदार बसतो. नॉरफॉकमध्ये १ जुलै २०१६ पासून पाच सदस्यांची प्रादेशिक परिषद आली आणि न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियन राज्याचे कायदे लागू झाले. त्या राज्याच्या विधिमंडळासाठी मात्र बेटावरच्या माणसाला मत नाही. २०२२ पासून राज्य पातळीवरच्या सेवा क्वीन्सलंड हे दुसरं राज्य पुरवतं, तिथेही मत नाही. संघीय संसदेसाठी मत आहे, पण तेही कॅनबेरा परिसरातल्या एका मतदारसंघात, जिथे बेटाची मतं कुठल्या कुठे विरून जातात. आणि ती पाच जणांची परिषदसुद्धा २०२१ मध्ये बाजूला सारून प्रशासक नेमला गेला. तुमच्या गावाची अशी गत झाली असती तर तुम्ही गप्प बसला असता, असं मला वाटत नाही.

आता ते विधिमंडळ. १९७६ साली ऑस्ट्रेलिया सरकारने नेमलेल्या निमो आयोगाने बेट ऑस्ट्रेलियात पूर्ण सामावून घ्यायची शिफारस केली होती. बेटकऱ्यांनी विरोध केला आणि उलटंच घडलं. १९७९ च्या कायद्याने नऊ सदस्यांचं विधिमंडळ मिळालं, आणि त्याच कायद्याच्या प्रास्ताविकेत पिटकेर्न या पॅसिफिकमधल्याच दुसऱ्या बेटाहून आलेल्यांच्या वंशजांचं या बेटाशी असलेलं खास नातं मान्य केलं गेलं. हे लोक ८ जून १८५६ ला तिथे उतरले. बाउंटी जहाजावरच्या बंडखोरांची आणि ताहिती स्त्रियांची ही संतती. पिटकेर्नवर १८३८ पासूनच स्त्रिया दंडाधिकारी निवडायला मत देत होत्या. लोकशाही यांना कोणी कालपरवा शिकवलेली नाही.

निवडणुकीची पद्धतही मला फार आवडते. पक्ष नाहीत, सगळे अपक्ष. प्रत्येक मतदाराच्या हातात नऊ मतं. ती उमेदवारांमध्ये वाटायची, पण एकाच माणसावर सगळी उधळता येत नसत. शेवटच्या काळात एकाला जास्तीत जास्त दोन. म्हणजे आपला लाडका उमेदवार निवडला तरी बाकीच्यांचा विचार करणं भागच. निवडून आलेले हे नऊ जण जकात, परदेशी लोकांचा प्रवेश, टेलिफोन, इस्पितळ, सगळं सांभाळायचे. एवढ्या लहान वस्तीला हे ओझं जड होतं, ते मी नाकारत नाही. सगळा संसार पर्यटकांवर, आणि २००८ च्या मंदीनंतर पर्यटक आटले.

पण आयकराबद्दलचं तुमचं विधान वस्तुस्थितीला सोडून आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री डेव्हिड बफेट यांनी स्वतःहून सांगितलं की मदतीच्या बदल्यात करमाफी सोडायला बेट तयार आहे. बरखास्तीच्या साडेचार वर्षं आधी! त्यामुळे कर चुकवणाऱ्यांना वठणीवर आणलं, ही मांडणी मला पटत नाही.

मला खरा राग येतो तो २०१५ च्या मे महिन्याचा. ८ मे रोजी बेटावर सार्वमत झालं. कारभाराची नवी पद्धत लादण्याआधी आम्हाला विचारायला हवं का, हा त्याचा गाभा. ६८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. १४ मे रोजी, म्हणजे सहाव्या दिवशी, कॅनबेराच्या संसदेने विधेयक मंजूर करून टाकलं, आणि जूनमध्ये विधिमंडळ संपलं. आयकर लावा, मेडिकेअर (ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्यसेवा) द्या, हिशेब तपासा, या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. त्यासाठी सभागृह मोडायची गरज नव्हती. अधिकार कमी करूनही ते ठेवता आलं असतं.

वेगळ्या देशाबद्दल: २०१६ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला, तो स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत नाव घालावं म्हणून. जवळचं, फ्रान्सच्या ताब्यातलं न्यू कॅलेडोनिया १९८६ पासून त्या यादीत आहे. यादीत नाव आलं म्हणजे देश वेगळा होतो असं नाही. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या टोकेलाऊ बेटांनी दोनदा सार्वमत घेतलं, स्वयंशासनाला पुरेशी मतं पडली नाहीत आणि ती न्यूझीलंडकडेच राहिली. फरक इतकाच, की तिथे आधी विचारलं गेलं.