गुरुजी, लिंक भरली का?

साडेचारला शाळेची माहिती भरायची ऑनलाइन लिंक येते, पाचच्या आत भरा म्हणून. अक्कलकोटकडच्या आमच्या शाळेत रेंज येते ती पटांगणातल्या लिंबाखालीच, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. खिचडीचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, रोपासोबत सेल्फी. शिकवायचं कधी हो? शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती नि निवडणूक सोडून इतर काम देऊ नका. वाचलंय का कुणी? नव्या शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर असलेल्या शिक्षकाला, प्राथमिकला महिना १६ हजार मानधन. खोलीभाडं द्यायचं की पेट्रोल टाकायचं? पन्नाशीला टेकलेल्यांनी आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची, सुप्रीम कोर्टाचा २०२५चा निकालच तसा. पगार शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत अडकला की मात्र कुणालाच घाई नाही! वर तपासणीला आलेले साहेब विचारणार, "गुरुजी, पोरांना भागाकार का येईना?"